मुलांसह क्रूझ : खिडकीआधी बिछाने मोजावेत

मुंबईतील कुटुंब क्रूझची चौकशी करू लागले की एजंटाला विचारला जाणारा पहिला प्रश्न बहुधा बाल्कनीचा असतो. बाल्कनी घ्यावी, की नुसती खिडकी चालेल, की आतली, म्हणजे बिनखिडकीची, केबिन घेऊन पैसे वाचवावेत, एवढ्याभोवतीच चर्चा फिरत राहते. हा प्रश्न गैर नाही, परंतु मुले बरोबर असताना त्याचा क्रमांक तिसरा-चौथा असायला हवा. घरात दीड वर्षाचे बाळ, नऊ वर्षांची मुलगी आणि पहाटे पाचला उठून चहाची वाट पाहणारे आजोबा असतील, तर कोण कोणत्या बिछान्यावर झोपणार, कोण किती वाजता झोपणार आणि रात्री मुलाने हाक मारली तर ती कोणाला ऐकू जाणार, हे आधी ठरवावे लागते. ते ठरले की केबिनची निवड पुष्कळशी सोपी होते. ते न ठरवता बाल्कनीच्या छायाचित्रावर भाळून बुकिंग केले, तर सोफा उघडून त्याचा बिछाना केल्यावर बाल्कनीच्या दारापर्यंत जायला वाटच उरलेली नाही, हे पहिल्या रात्री लक्षात येते.

आम्ही हा धडा पैसे मोजून शिकलो. आमच्या पहिल्या सफरीत आम्ही सहाजण होतो: आम्ही दोघे, दोन मुले आणि आई-बाबा. एजंटाने थोड्या सवलतीसाठी ज्यांना गॅरंटी केबिन म्हणतात तशा दोन केबिन घ्यायला लावल्या. गॅरंटी म्हणजे प्रकार ठरलेला, पण क्रमांक कंपनी नंतर देणार. क्रमांक आले तेव्हा दोन केबिनमध्ये तीन मजले आणि जवळपास निम्म्या जहाजाचे अंतर होते. धाकट्याला रात्री आजीच हवी असते, त्यामुळे पहिल्या रात्री साडेअकराला त्याला खांद्यावर टाकून, हातात त्याचे दुपटे घेऊन मी अख्ख्या जहाजाची परेड केली. दोघांच्या सफरीला गॅरंटी केबिन उत्तम. मुले आणि आजी-आजोबा बरोबर असताना ती घेऊ नये, हे माझे ठाम मत तेव्हापासून आहे.

जागा किती असते

आजच्या मोठ्या जहाजांवरील साधी केबिन साधारण १५० ते २०० चौरस फुटांची असते, आणि जुन्या जहाजांवर ती याहून लहानही असते. मुंबईकराला हा आकडा फारसा समजावून सांगावा लागत नाही. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. चाळीच्या खोलीत मात्र शौचालय धरलेले नव्हते, आणि दाराबाहेर सामाईक व्हरांडा असल्यामुळे मुलांना पाय मोकळे करायला जागा होती. केबिनच्या क्षेत्रफळातून न्हाणीघर, कपाट आणि दाराजवळचा चिंचोळा बोळ वजा केला, की चार माणसांसाठी उरते ती पलंगाभोवतीची पाऊलवाट. ही तुलना थट्टेची नाही. चाळीतल्या एका खोलीत सात-आठ माणसे सुखाने राहिली, याचे कारण प्रत्येकाची अंथरूण टाकण्याची जागा आणि वेळ ठरलेली होती. दाराजवळ कोण, भिंतीशी कोण, दिवा कधी मालवायचा, हे कोणाला विचारावे लागत नसे. केबिनही त्याच शिस्तीने निवडावी.

येथे जहाजाचे वयही पाहावे. कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा सफरींवर गेलेले आहे आणि ते मुळात १९९० साली बांधलेले आहे. त्या काळातील जहाजांवर केबिन आटोपशीर असत आणि बाल्कन्या मोजक्याच. बहुसंख्य केबिन आतल्या किंवा खिडकीच्या असत. त्यामुळे अशा जहाजावर खरी निवड असते ती आतली आणि खिडकीची यांत, किंवा एक मोठी केबिन आणि दोन लहान यांत. जे विमानाने पाच-साडेपाच तासांत सिंगापूर गाठून तेथून जहाजावर चढतात, त्यांना बरीच नवी आणि मोठी जहाजे मिळतात. त्यांवर बाल्कनीच्या केबिन भरपूर असतात आणि कुटुंबांसाठी वेगळे आराखडेही असतात. एका जहाजाविषयी ऐकलेला सल्ला दुसऱ्याला लावू नये, याचे हे मुख्य कारण.

बिछान्यांचा हिशेब

प्रत्येक केबिनची माणसांची कमाल मर्यादा ठरलेली असते, आणि ती ‘सांभाळून घेऊ’ या आपल्या नेहमीच्या पद्धतीने वाढत नाही. जहाजावरील प्रत्येक जीव जीवरक्षक नौकांच्या हिशेबात धरलेला असतो. त्यामुळे आईच्या कुशीत झोपणारे आठ महिन्यांचे बाळसुद्धा एक प्रवासी म्हणून मोजले जाते. तिघांच्या केबिनमध्ये आई-वडील, एक मूल आणि वर बाळ असे चौघे बसत नाहीत, मग बाळाला वेगळा बिछाना लागो वा न लागो. याच कारणाने, आधी तिघांचे बुकिंग करून नंतर चौथे नाव घालायला गेल्यास जहाजाच्या त्या भागातील आपत्कालीन संख्या पूर्ण झाली असल्याचे उत्तर मिळू शकते. सर्व नावे पहिल्या दिवशीच द्यावीत. अनेक कंपन्या सहा महिन्यांहून लहान बाळाला जहाजावर घेत नाहीत, आणि सलग अनेक दिवस किनारा न लागणाऱ्या लांबच्या सफरींवर ही अट बारा महिन्यांची असते. गर्भवतीसाठी बहुतेक कंपन्या २४व्या आठवड्याची सीमा धरतात, आणि ती सफर सुरू होण्याच्या नव्हे तर संपण्याच्या दिवशी मोजली जाते, हे बुकिंगच्या वेळी विसरले जाते.

आता बिछाने कसे असतात ते पाहू. बहुतेक केबिनमध्ये खाली दोन सुटे पलंग असतात; ते जोडून एक मोठा करता येतो. तिसरा आणि चौथा बिछाना म्हणजे भिंतीतून किंवा छतातून खाली येणारा बर्थ, नाहीतर उघडून बिछाना होणारा सोफा. कोकण रेल्वेने गावी जाणाऱ्या मुलांना वरच्या बर्थचे फार आकर्षण असते आणि जहाजावरही ती पहिल्या दिवशी त्यावरून भांडतात. परंतु सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नये. शिडी अरुंद असते, जहाज डुलत असते आणि मध्यरात्री लघवीला उठलेले मूल अर्धवट झोपेत उतरते. वरचा बर्थ काही केबिनमध्ये मोठ्यांच्या पलंगाच्या अगदी वर येतो, तेव्हा सकाळी पहिला टोला आपल्याच डोक्याला बसतो. दिवसा तो वर दुमडून ठेवण्याचे काम स्टुअर्ड, म्हणजे केबिनची देखभाल करणारा कर्मचारी, करतो. मूल दुपारी झोपणारे असेल तर त्याचा बिछाना दिवसभर तसाच राहू द्यावा, हे स्टुअर्डला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे लागते.

सोफ्याच्या बिछान्याची गोष्ट निराळी आहे. तो लहान मुलाला सुरक्षित, पण उघडल्यावर जमीन खाऊन टाकतो. एकाच प्रकारच्या केबिनमध्येही दोन आराखडे आलटून-पालटून असतात: एकीत पलंग बाल्कनीच्या किंवा खिडकीच्या बाजूला आणि सोफा न्हाणीघराकडे, दुसरीत याच्या उलट. लहान मुले असताना पहिला आराखडा मागावा. मोठी माणसे बाल्कनीच्या दाराशी झोपतात, मूल त्या दारापासून दूर राहते आणि रात्री न्हाणीघरात जाताना त्याला कोणाला ओलांडून जावे लागत नाही. दुसऱ्या आराखड्यात सोफ्यावरचे मूल थेट बाल्कनीच्या दारापाशी येते. केबिनच्या क्रमांकानुसार हा आराखडा कळू शकतो. एजंटाने आढेवेढे घेतले तरी कंपनीकडून विचारून घ्यायला लावावे.

बाळाला मध्ये घेऊन झोपण्याची आपली रीत आहे, आणि पाळणा मिळतो असे सांगितले तरी पुष्कळ आया ‘तो कशाला’ म्हणतात. परंतु जोडलेल्या दोन पलंगांच्या मध्ये फट असते आणि वरून चादर घातल्याने ती दिसत नाही, एवढेच. घडीचा पाळणा बहुतेक जहाजांवर मागितल्यास मिळतो, पण संख्या मर्यादित असते, म्हणून तो बुकिंगमध्येच लिहून घ्यावा. तो ठेवायला कुठे जागा उरते, हेही आराखड्यात पाहून ठेवावे. सोफा उघडलेला आणि पाळणा मांडलेला, अशी दोन्हींची सोय साध्या केबिनमध्ये सहसा होत नाही.

एक केबिन की दोन

चौघांचे कुटुंब असेल तर सर्वांत मोठा निर्णय हाच असतो. क्रूझचे भाडे खोलीचे नसते, माणशी असते, आणि ते दोघांनी एक केबिन घेतली आहे असे धरून सांगितलेले असते. त्याच केबिनमधील तिसऱ्या आणि चौथ्या प्रवाशाला सहसा कमी भाडे पडते. कधी मुलांचे मूळ भाडे माफही असते, तरी बंदर शुल्क आणि कर द्यावेच लागतात. उदाहरणादाखल पहिल्या दोघांचे भाडे प्रत्येकी ३०,००० रुपये आणि पुढच्या दोघांचे प्रत्येकी १८,००० रुपये धरले, तर एका केबिनमध्ये चौघांचे ९६,००० होतात. दोन केबिन घेतल्या तर चौघेही ‘पहिले दोघे’ ठरतात आणि आकडा १,२०,००० वर जातो. म्हणजे २४,००० रुपयांत आपण एक जास्तीचे न्हाणीघर, एक जास्तीचे कपाट आणि मुले झोपल्यावर दिवा लावून बसण्याची सोय विकत घेतो. दोन रात्रींच्या मुंबई–गोवा सफरीसाठी मी हे पैसे खर्च करणार नाही, कारण दिवसभर मुले बाहेर असतात आणि केबिन केवळ झोपण्यापुरती उरते. चार-पाच रात्रींच्या पुढे मात्र ते वसूल होतात. सकाळी चौघांना एकाच न्हाणीघरात तयार करून न्याहारीला नेण्याची कसरत तिसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या स्वभावावर दिसू लागते.

आपल्या खऱ्या आकड्यांवर हा हिशेब एजंटाकडून तीन प्रकारे मागवावा: चौघांची एक बाल्कनी, चौघांची एक खिडकी आणि दोन-दोघांच्या दोन आतल्या केबिन. कित्येकदा पहिला आणि तिसरा आकडा एकमेकांच्या बराच जवळ येतो, आणि तेव्हा निवड पैशांची न राहता सवयींची होते. तिघांच्या कुटुंबाने मात्र दोन केबिनचा विचार सोडून द्यावा, कारण एकट्या प्रवाशाला दोघांच्या भाड्याच्या जवळपास रक्कम भरावी लागते. परदेशी कंपन्यांच्या सफरींत दर रात्रीची सेवा-बक्षिसी माणशी आकारली जाते आणि ती बहुधा मुलांनाही लागते, हेही बेरजेत धरावे.

दोन केबिन घ्यायच्या ठरल्या की तीन मांडण्या शक्य असतात. पहिली, मधले दार असलेल्या दोन केबिन, ज्यांना सगळे कनेक्टिंग म्हणतात. शेजारच्या केबिन आणि कनेक्टिंग केबिन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेजारची म्हणजे नुसती भिंतीला भिंत; जायचे तर बाहेरच्या बोळातून. एजंट बोलताना हे दोन्ही शब्द सरमिसळ वापरतात, म्हणून ‘मध्ये आतून उघडणारे दार आहे ना?’ असा साधा मराठी प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे. डेकच्या, म्हणजे जहाजाच्या मजल्याच्या, नकाशात अशा दोन केबिनच्या मधल्या भिंतीवर छोटी खूण असते, कोठे बाण, कोठे रेघ. प्रत्येक कंपनीची खूण वेगळी, तेव्हा नकाशाखालचा खुलासा वाचावा. अशा जोड्या जहाजावर मोजक्याच असतात आणि दिवाळी, नाताळ व मे महिन्याच्या सुट्टीत त्या सर्वांत आधी संपतात. दहा वर्षांखालची मुले असतील तर मी याच मांडणीला पहिली पसंती देईन. याची उलट बाजूही आहे. आपल्याला एकच केबिन हवी असेल तर मधले दार असलेली केबिन टाळावी, कारण त्या दारातून पलीकडच्या अनोळखी कुटुंबाचा दूरदर्शन संच आणि भांडणे दोन्ही ऐकू येतात.

दुसरी मांडणी म्हणजे बोळाच्या समोरासमोरच्या दोन केबिन, एका बाजूला बाल्कनी किंवा खिडकी आणि समोर आतली. आजी-आजोबा बरोबर असलेल्या मराठी कुटुंबाला ही सर्वांत सोयीची आणि सर्वांत कमी सुचवली जाणारी मांडणी आहे. आजी-आजोबांना खिडकीची केबिन द्यावी. त्यांचा दिवसातला अधिक वेळ आत जातो आणि मुलांनाही समुद्र पाहायला तेथे जाता येते. आई-वडील आणि मुले समोरच्या आतल्या केबिनमध्ये झोपतात. दोन पावलांत हाक पोहोचते. आपल्याकडे खर्च करणाऱ्याने बाल्कनी स्वतःकडे ठेवण्याचा संकोच असतो आणि आई-वडिलांना ती घ्यायचा संकोच असतो, त्यामुळे हा विषय मुंबईतच मिटवून जावे.

तिसरी मांडणी, नुसत्या शेजारच्या दोन केबिन, किशोरवयीन मुलांसाठी ठीक आहे. काही जहाजांवर शेजारच्या दोन बाल्कन्यांमधला पडदेवजा फलक स्टुअर्ड उघडून देतो, आणि मग मधल्या दाराची उणीव काही अंशी भरून निघते. मात्र सगळ्या जहाजांवर तो उघडता येत नाही.

येथे वयाची अट आडवी येते. पुष्कळ कंपन्या प्रत्येक केबिनमध्ये निदान एक २१ वर्षांवरील, आणि काही कंपन्या १८ वर्षांवरील, व्यक्ती असावी असे म्हणतात. आई-वडिलांच्या लगतची केबिन असेल तर बहुतेक ठिकाणी सूट मिळते, परंतु समोरासमोरच्या केबिनला ती मिळेलच असे नाही. म्हणून बुकिंगच्या कागदावर प्रत्येक केबिनमध्ये एक मोठे आणि एक लहान असे नाव लिहिण्याची पद्धत रूढ आहे. प्रत्यक्षात कोणी कुठे झोपायचे हे कुटुंब ठरवते आणि दुसऱ्या केबिनची जादा चावी स्वागतकक्षात मागितल्यास बहुतेक ठिकाणी मिळते. असे करताना एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी: आपत्कालीन जमण्याची जागा कागदावरील केबिनप्रमाणे ठरते. दोन्ही केबिनची जागा एकच आहे का, हे केबिनच्या चावीच्या कार्डांवर पहिल्या तासातच तपासावे. ती वेगवेगळी असेल तर लगेच स्वागतकक्षात जाऊन सांगावे.

अंधार, खिडकी आणि बाल्कनी

आतली केबिन कमी दर्जाची, हा समज लहान मुले असलेल्यांनी सोडून द्यावा. दिवा मालवला की तिथे मिट्ट काळोख होतो. दुपारची झोप सोडायला तयार नसलेल्या बाळासाठी याहून चांगली खोली मुंबईतही मिळणार नाही. अडचण उलटी येते. सकाळ झाली हे कळत नाही आणि मुले आठपर्यंत झोपून राहतात, किंवा मध्यरात्री जागी होऊन घाबरतात. घरून एक छोटा रात्रीचा दिवा न्यावा, पण तो बॅटरीवर चालणारा असावा, कारण केबिनमध्ये विजेची जोडणी मोजकी असते आणि एक्स्टेन्शन बोर्ड बहुतेक कंपन्या जप्त करून ठेवतात. इलेक्ट्रिक किटली आणि इस्त्री यांचेही तेच होते. बाळासाठी पाणी उकळायचे असेल तर गरम पाण्याची व्यवस्था कोणत्या डेकवर आहे, ते आधी विचारावे.

खिडकीची केबिन हा मधला मार्ग आहे आणि चार ते दहा वर्षांच्या मुलांना मला तोच सर्वांत योग्य वाटतो. खिडकी उघडत नाही, त्यामुळे जीव टांगणीला लागत नाही. मात्र ‘अडथळा असलेली खिडकी’ असा उल्लेख दिसला तर समोर जीवरक्षक नौका टांगलेली असते हे समजून चालावे. उजेड येतो, समुद्र येत नाही.

बाल्कनी खरी उपयोगी पडते ती रात्री. मुले झोपली, दिवे मालवले, आणि आई-वडील बाहेर खुर्च्या टाकून हळू आवाजात बोलू शकतात. एकाच केबिनमध्ये राहणाऱ्या जोडप्याला ही चैन मोठी आहे. कठडा एक मीटरहून अधिक उंच असतो आणि दार जड असून त्याची कडी बहुधा उंचावर असते. तरी धोका कठड्याच्या उंचीत नसून त्याशेजारी ठेवलेल्या खुर्चीत असतो. चढणाऱ्या वयाचे, म्हणजे साधारण दीड ते पाच वर्षांचे मूल असेल तर बाल्कनीतील खुर्च्या आणि टेबल वापर संपताच भिंतीशी ओढावीत किंवा स्टुअर्डला बाहेर न्यायला सांगावे. एवढी दक्षता रोज पाळली जाईल याची खात्री नसेल, तर बाल्कनी घेऊ नये. घरी दहाव्या मजल्यावर ग्रिल लावून निश्चिंत राहणाऱ्या आपल्या पिढीला हे विशेष सांगावे लागते, कारण जहाजावर ग्रिल नसते.

जहाजात केबिन कोठे असावी

कोकण बोटीने भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरी-मालवणला गेलेली पिढी अजून घराघरांत आहे आणि ‘बोट लागणे’ म्हणजे काय, हे ती सांगू शकते. आजच्या जहाजांना डोलणे कमी करणारे, पाण्याखाली दोन्ही बाजूंना पसरणारे पंख असतात, तरी समुद्र तोच आहे. जहाज नाकावर-शेपटीवर वरखाली होते तेव्हा पुढची आणि मागची टोके अधिक हलतात, आणि कुशीवर डुलते तेव्हा वरचे मजले. म्हणून ज्याला बोट लागण्याची शक्यता आहे, त्याला मध्यभागी आणि खालच्या डेकवर केबिन द्यावी. अरबी समुद्रात मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे चक्रीवादळांचे काळ आहेत. मे २०२१ मधील तौक्ते मुंबईकरांच्या लक्षात असेलच. वादळात सफरी निघत नाहीत, परंतु मेच्या उत्तरार्धात एरवीही समुद्र जानेवारीसारखा शांत नसतो. शाळेच्या सुट्टीमुळे मेमध्येच जाणे भाग असेल, तर महिन्याच्या सुरुवातीची तारीख आणि मधली केबिन यांवर थोडे जास्त पैसे गेले तरी द्यावेत.

डोलण्याइतकाच त्रास आवाजाचा होतो आणि तो नकाशातून टाळता येतो. आपल्या केबिनच्या वर काय आहे आणि खाली काय आहे, हे दोन्ही डेकचे नकाशे एकावर एक धरून पाहावे. वर जलतरण तलाव किंवा न्याहारीचे दालन असेल तर पहाटे साडेपाचपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज सुरू होतो. खाली नाट्यगृह किंवा नाचाचे दालन असेल तर रात्री एकपर्यंत ढोल. वरही केबिन आणि खालीही केबिन, ही सर्वांत शांत जागा. अगदी पुढच्या टोकाला बंदरात शिरताना नांगराच्या साखळीचा आणि यंत्रांचा आवाज येतो. लिफ्टपासून चार-पाच दारे सोडून केबिन असावी: आजोबांचे गुडघे आणि बाबागाडी या दोन्हींना ते अंतर जमते आणि लिफ्टपाशी रेंगाळणाऱ्यांच्या गप्पा ऐकू येत नाहीत.

डावी बाजू की उजवी, हा प्रश्न लोक हौसेने विचारतात. मुंबईहून गोव्याकडे जाताना जहाजाचे तोंड दक्षिणेला असते, म्हणून सूर्यास्त उजव्या बाजूला दिसतो आणि किनारा डावीकडे राहतो. परतताना सगळे उलटे. जहाज बरेच खोल समुद्रातून जाते, त्यामुळे किनारा दिसेल या आशेवर बाजू निवडू नये. संध्याकाळी मुंबई सोडतानाचा सूर्यास्त मुलांना खिडकीतून दाखवायचा असेल तर उजवी बाजू मागावी. नाहीतर वरच्या डेकवर जाऊन पाहावा, तेथून तो अधिक चांगला दिसतो.

पैसे भरण्यापूर्वी

एजंटाशी बोलणी फोनवर होतात आणि तिथेच गोंधळ होतो. केबिनचे क्रमांक, मधले दार, तिसरा-चौथा बिछाना नेमका कोणत्या प्रकारचा, पाळणा, आणि दोन बुकिंग वेगवेगळी असतील तर ती एकमेकांशी जोडलेली आहेत हे, एवढे सगळे लेखी मागावे. ‘विनंती नोंदवली आहे’ आणि ‘निश्चित आहे’ यांत फरक असतो. पाळण्याची विनंती चालते, मधल्या दाराची चालत नाही. कंपनी नंतर ‘मोफत बढती’ म्हणून वरच्या प्रकारची केबिन देऊ करते, तेव्हा आनंदाने होकार देण्याआधी ती कोणत्या डेकवर आहे आणि दुसऱ्या केबिनपासून किती दूर आहे हे विचारावे. आजोबांना सहाव्या डेकवर ठेवून आपण दहाव्या डेकवर गेलो, तर ती बढती कोणाच्याच कामाची नाही. न्हाणीघरात टब आहे की नुसता शॉवर, हेही विचारावे. शॉवरखाली उभे राहायला घाबरणाऱ्या मुलासाठी आम्ही घडी होणारी रबरी बादली आणि पाण्याचा मग नेतो, आणि त्याबद्दल आता आम्हाला संकोच वाटत नाही.

जहाजावर चढल्यावर

बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवर मोठ्या बॅगा ताब्यात घेतल्या जातात आणि त्या केबिनच्या दाराशी येईपर्यंत संध्याकाळ होऊ शकते. बाळाचे कपडे, औषधे आणि एक चादर हातातल्या पिशवीतच असावी. केबिनमधले वातानुकूलन चांगलेच गार असते. आजीची शाल आणि कानटोपीही त्याच पिशवीत.

केबिनमध्ये शिरल्यावर सामान लावायच्या आधी मुलांना घेऊन तीन गोष्टी कराव्यात. केबिनचे दार जड असते आणि आपोआप बंद होते. बोटे चिरडण्याचे अपघात त्यानेच होतात, ते मुलांना हळूहळू मिटवून दाखवावे. आतून ते चावीशिवाय उघडते, म्हणजे पहाटे जागे झालेले मूल एकटे बाहेर पडू शकते. अशा मुलाला दारापासून सर्वांत दूरच्या बिछान्यावर झोपवावे आणि दारापाशी आपली बॅग आडवी ठेवावी. न्हाणीघरातले निर्वात शौचकूप मोठा आवाज करते. पहिल्यांदा ते मुलाला कडेवर घेऊन चालवून दाखवले नाही, तर पुढचे दोन दिवस ते मूल तिकडे फिरकत नाही, असा आमचा अनुभव आहे. जहाजाच्या भिंती पोलादी असल्यामुळे त्यांवर लोहचुंबक चिकटते. घरच्या फ्रिजवरचे एक ओळखीचे चित्र दारावर लावले, की एकसारख्या चाळीस दारांच्या बोळात चार वर्षांच्या मुलालाही आपली केबिन सापडते, आणि चुंबकाचे दोन हूक असले की ओले पोहण्याचे कपडे वाळत घालता येतात.

जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ बुडाल्यानंतर नियम बदलले आणि आता आपत्कालीन सराव जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच घ्यावा लागतो. तेव्हा बाळाच्या मापाचे जीवरक्षक जाकीट केबिनमध्ये आहे का, ते आधीच पाहावे. सहसा ते मागून घ्यावे लागते. मुलांच्या मनगटावर जमण्याच्या जागेचा क्रमांक असलेली पट्टी बांधून घ्यावी. सराव आटोपला की स्टुअर्डला गाठून रात्रीची मांडणी सांगावी: कोणते पलंग जोडायचे, कोणता बर्थ उतरवायचा, सोफा किती वाजता उघडायचा. मुले साडेआठला झोपणारी असतील तर तो साडेआठच्या आधी उघडलेला हवा, कारण जहाजांवर बिछाने घालण्याची नेहमीची वेळ लोक जेवायला गेलेले असतानाची असते आणि ती आपल्या बाळाच्या वेळेशी जुळेलच असे नाही.